पहिलं वर्ष आणि नऊशे एक्क्याण्णव: सायंटिफिक कॅल्क्युलेटर वर्षभर वापरल्यानंतर

कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स मी वर्षभर रोज वापरला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला आणि दोन दिवस नुसती झोपून काढल्यावर हे लिहायला बसले. यात ५५२ फंक्शन आहेत, पडदा १९२ गुणिले ६३ ठिपक्यांचा आहे, वरच्या बाजूला सौरपट्टी आणि आत एलआर४४ सेल आहे, हे सगळं खोक्यावर छापलेलंच असतं. त्या ५५२ पैकी मी फार तर चाळीस वापरली असतील. ती कुठली, आणि ती वापरताना माझं काय झालं, तेवढंच सांगते. नुकतीच ॲडमिशन झालेल्यांना त्याचाच उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

हा मला ताईने दिला. ती स्वतः इंजिनिअर आहे. देताना एवढंच म्हणाली, "आधी मॅन्युअल वाच गं. आणि बटण दाबायच्या आधी उत्तर केवढं येईल याचा अंदाज कर." मॅन्युअल मी वाचलं नाही. दुसरं वाक्य तर मला कळलंच नव्हतं. उत्तर आधीच माहीत असेल तर कॅल्क्युलेटर कशाला, असं वाटलं होतं.

ते कळायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं. त्याचं कारण कॅल्क्युलेटरपेक्षा शाळेत जास्त होतं, असं आता वाटतं. बारावीपर्यंतच्या गणितांची उत्तरं देखणी असायची. २, वर्गमुळात ३, पाच छेद तेरा. गणित सोडवता सोडवता कुठेतरी ४१७ छेद ९३ असं काही आलं की हात आपोआप थांबायचा, कारण चुकल्याशिवाय असली उत्तरं येत नसत. ही सवय मला कुणी शिकवली नव्हती आणि ती मला आहे हेही मला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच महिन्यात ती निकामी झाली. इथे बरोबर उत्तर ४९.०५ असतं, ४.६३९ असतं, १५९१.५ असतं. चुकीचं उत्तरही अगदी तसंच दिसतं. पडद्यावर दोन्हीचे आकडे सारख्याच ठळकपणे उमटतात.

मेकॅनिक्सची पहिली चाचणी. तीस अंशांच्या उतारावर दहा किलोचा ठोकळा ठेवलाय, त्याच्या वजनाचा उतारालगतचा घटक काढा. एवढं सोपं गणित त्या पेपरात दुसरं नव्हतं. ९८.१ गुणिले साइन ३०. उत्तर आलं उणे ९६.९३ न्यूटन. उणे चिन्ह बघून मी दोन क्षण थबकले आणि मग जे केलं ते आजही आठवतंय. त्या उणे चिन्हासाठी मी स्पष्टीकरण तयार केलं. लिहिलं, "म्हणजे बल उताराच्या वरच्या दिशेने आहे." पुढचं सगळं गणित त्यावर उभं केलं, आकृतीतला बाणही खोडून उलटा काढला.

आदल्या दिवशी गणिताचा अभ्यास करताना कॅल्क्युलेटर रेडियनवर नेला होता. बंद करून पुन्हा चालू केल्याने कोनाचं एकक बदलत नाही, ते तसंच राहतं. पडद्याच्या वरच्या पट्टीत डिग्रीच्या डी ऐवजी रेडियनचं आर हे इवलंसं अक्षर पूर्ण वेळ माझ्यासमोर होतं. ३० रेडियनचा साइन उणे ०.९८८ येतो, आणि यंत्राने जे विचारलं त्याचं अचूक उत्तर दिलं होतं.

पेपर परत मिळाला तेव्हा सरांनी माझ्या उलट्या बाणाशेजारी लिहिलं होतं, "हा ठोकळा वर का जाईल?" मार्क गेले त्यापेक्षा त्या प्रश्नाने मला जास्त लागलं. कारण उणे चिन्ह बाजूला ठेवलं तरी ते उत्तर चूक आहे हे दिसायला हवं होतं. सगळं वजन ९८.१ न्यूटन. उतार जेमतेम तीस अंशांचा. त्यावर जवळजवळ सगळंच्या सगळं वजन उतारालगत कसं येईल? तसं यायला उतार भिंतीसारखा उभा पाहिजे. हे मला कळत होतं. कुणी तोंडी विचारलं असतं तर मी नक्की सांगितलं असतं. पण पडद्यावर आकडा उमटला की माझं डोकं त्याच्यावर विश्वास टाकून मोकळं व्हायचं. त्या रात्री खोलीवर मी बराच वेळ रडले. शाळेत मी हुशार होते, आणि इथे मला साधा साइन तीस येत नव्हता, असं वाटत होतं.

ताईला फोन केला. तिने समजूत वगैरे घातली नाही. म्हणाली, "पेपर हातात आला की पहिलं काम, साइन ३० दाबायचं. अर्धा आला तर डिग्री, नाही आला तर काय ते बघायचं." त्या दिवसापासून वर्षभर प्रत्येक पेपरला, प्रत्येक प्रॅक्टिकलला मी ते केलंय. पाच सेकंदही लागत नाहीत.

पण नियम पाठ केला म्हणून सुटका होत नाही, तो कशासाठी आहे हे लक्षात ठेवावं लागतं. सेमिस्टरच्या गणिताच्या पेपरला पर्यवेक्षकांनी सगळ्यांना कॅल्क्युलेटर रिसेट करायला लावला. शिफ्ट, ९, मग सगळं पुसण्याचा पर्याय. रिसेटनंतर यंत्र मूळ स्थितीला, म्हणजे डिग्रीवर जातं. मी शिस्तीत साइन ३० दाबला, अर्धा आला, समाधान झालं. आणि त्या पेपरात सगळं कलनशास्त्र होतं, म्हणजे रेडियन! शून्य ते पाय (म्हणजे ३.१४) साइन एक्सचं इंटिग्रल पडताळून बघायला बटण दाबलं तर ०.०८६१. हाताने काढलेलं उत्तर होतं २. या वेळी मात्र मी हाताचं उत्तर खोडलं नाही. साइनचा तो उंचवटा डोळ्यांसमोर आणला. एक उंची, तीनहून थोडी जास्त रुंदी. म्हणजे क्षेत्रफळ तीनच्या आत पण दीडच्या वर असणार, ०.०८ कसं असेल? वर बघितलं, डी. सेटअपमध्ये जाऊन आर केलं, २ आलं. त्या दोन मिनिटांत मला जे वाटलं ते पूर्ण वर्षात कुठल्या मार्कांनी वाटलं नाही.

आता यंत्राबद्दल. मला यातलं सर्वात आवडलेलं बटण म्हणजे ईएनजी. आमच्या वर्गात निम्म्यांना ते कशासाठी आहे हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. उत्तर ४.७ गुणिले दहाचा उणे चौथा घात असं दिसत असेल तर ते दाबा, ४७० गुणिले दहाचा उणे सहावा घात होतं. घात नेहमी तीनच्या पटीत ठेवतं. म्हणजे थेट ४७० मायक्रो. कपॅसिटरवर जे छापलेलं असतं तेच पडद्यावर दिसतं. शाळेत आपण दहाचे घात नुसते आकडे म्हणून मोजतो. इथे मिली, मायक्रो, किलो, मेगा यांच्यात विचार करायचा असतो, कारण बाजारात वस्तू त्याच मापात मिळतात आणि प्रयोगशाळेतल्या मीटरवरही तीच मापं असतात. ईएनजी दाबायची सवय लागल्यावर दोन-तीन महिन्यांत मला दहा किलोओहम आणि ४७० मायक्रोफॅरड म्हटलं की दोन्हींचा गुणाकार ४.७ सेकंद हे तोंडी सुचायला लागलं.

दुसरी गोष्ट कॉम्प्लेक्स मोड, म्हणजे काल्पनिक भाग असलेल्या संख्यांचा. एसी सर्किटसाठी याला पर्याय नाही. तीन अधिक चार आय टाकलं की पाच आणि ५३.१३ अंश, एका झटक्यात. (उणे एकच्या वर्गमुळाला वर्गात सगळे "जे" हे अक्षर वापरतात, यंत्रावर मात्र "आय" असतं, आणि ते याच ईएनजीच्या बटणावर असतं. पहिल्या दिवशी शोधत बसू नका.) ३+४आय आणि ६−८आय या दोन इम्पिडन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) समांतर जोडल्या तर किती, हे हाताने करायला मला अर्धं पान लागतं. इथे एका ओळीत ४.६३९ अधिक २.०६२ आय येतं. तरी माझं सांगणं आहे की पहिले पंधरा दिवस अर्धं पान लिहाच. मी लिहिलं, म्हणून मला दिसलं की वरचा गुणाकार बरोबर ५० होतो, काल्पनिक भाग नाहीसाच होतो, कारण एका इम्पिडन्सचा कोन दुसरीच्या कोनाच्या नेमका उलट आहे. यंत्राने ते मला दाखवलं नसतं.

कंसांबद्दल एक गोष्ट तपशिलात सांगते, कारण त्यापायी मी आणि माझी रूममेट रात्री एक वाजेपर्यंत भांडलो होतो. रेझोनन्सची वारंवारता काढायची होती, एक छेद दोन पाय वर्गमुळात एलसी. एल म्हणजे कॉइलचं इंडक्टन्स, दहा मिलिहेन्री, आणि सी म्हणजे कपॅसिटन्स, एक मायक्रोफॅरड. माझं उत्तर १५९१.५ हर्ट्झ. तिचं १.५७ गुणिले दहाचा उणे चौथा घात. तिचाही कॅल्क्युलेटर हाच. दोघींनी चार-चार वेळा करून पाहिलं, दर वेळी आपापलं तेच. शेवटी दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली आणि एकेक बटण सोबत दाबत गेलो. फरक एवढाच निघाला की मी १ ÷ २ नंतर थेट पाय दाबत होते आणि ती मध्ये गुणाकाराचं चिन्ह देत होती. चिन्ह गाळलं की हे मॉडेल २पाय वगैरे सगळं एकत्र धरतं, इतकंच काय, बरोबरचं बटण दाबल्यावर स्वतः कंस घालून दाखवतं. चिन्ह दिलं की डावीकडून उजवीकडे जातं, म्हणजे आधी अर्धा, मग त्याला पायने गुणायचं. दोन्ही त्याच्या नियमाने बरोबर. तेव्हापासून आम्ही दोघीही अपूर्णांकाचा साचा वापरतो, वर एक, खाली सगळं. वहीत दिसतं तसंच पडद्यावर दिसतं, शंका राहत नाही. याच कारणासाठी मी एका ओळीचा जुना पडदा असलेलं मॉडेल कुणाला सुचवणार नाही, निदान पहिल्या वर्षासाठी तरी.

सॉल्व्ह हे बटण मुलांना जादूचं वाटतं. ते न्यूटनच्या पद्धतीने मूळ शोधतं, म्हणजे सुरुवात कुठून करायची हे तुम्ही द्यायचं आणि ते तिथून पावलं टाकत जातं. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा घ्या. सुरुवात शून्यापासून केली तर २ सापडतं, दहापासून केली तर ३. दुसरं मूळ आहे की नाही हे ते सांगत नाही. प्रोजेक्टाइलच्या गणितात एकाच पल्ल्यासाठी दोन कोन येतात, तिथे एक कोन घेऊन पुढे गेलेले कितीतरी जण मी पाहिले. आम्हाला हीच पद्धत, न्यूटन-रॅफसन, दुसऱ्या सेमिस्टरला शिकवली आणि मग मला या बटणाच्या आत काय चालतं ते कळलं. ते कळल्यावर त्याचा राग येणं थांबलं.

एकसामायिक समीकरणं चार अज्ञातांपर्यंत, बहुपदी चौथ्या घातापर्यंत, मॅट्रिक्स ४ गुणिले ४ पर्यंत. पहिल्या वर्षाला एवढं भरपूर होतं. ट्रसच्या, म्हणजे दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्याच्या, गणितात चार समीकरणं टाकून उत्तरं मिळाली की ती न वापरलेल्या पाचव्या समीकरणात ठेवून बघायची. बहुतेक वेळा संपूर्ण ट्रसचं मोमेंटचं समीकरण शिल्लक असतं. शून्य आलं तरच पुढे जायचं. आयगेनव्हॅल्यू, म्हणजे मॅट्रिक्सशी जोडलेल्या खास संख्या, थेट मिळत नाहीत, पण ३ गुणिले ३ च्या मॅट्रिक्सच्या घन समीकरण सोडवून मिळतात, आणि त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या कर्णावरल्या बेरजेइतकी आहे का हे डोळ्यांनी बघता येतं. मर्यादा मला एकाच ठिकाणी जाणवली. समीकरणांचे सहगुणक कॉम्प्लेक्स चालत नाहीत. दोन लूपचं एसी सर्किट असेल तर क्रेमरचा नियम हाताने मांडायचा आणि प्रत्येक डिटरमिनंट कॉम्प्लेक्स मोडमध्ये काढायचा. वेळ जातो, पण होतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा सगळा खटाटोप लिहावासा वाटला. फिजिक्सचा पहिला प्रयोग, साधा लंबक. ८० सेंटिमीटर लांबी, वीस आंदोलनांना ३५.९ सेकंद. गुरुत्वत्वरणाचा जी काढला आणि पडद्यावर होते तेवढे सगळे आकडे, ९.८०२१३८ आणि पुढचेही, प्रयोगवहीत उतरवले. मला वाटलं, जितके आकडे जास्त तितकं काम चोख. मॅडमनी वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, "स्टॉपवॉचचं बटण दाबायला तुला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, लगेच दाबते. त्या म्हणाल्या, "लगेच म्हणजे किती?" मग त्यांनी मला घड्याळ चालू करून लगेच बंद करायला लावलं, दहा वेळा. कधी ०.१५, कधी ०.२२. म्हणजे माझ्या ३५.९ मध्ये ०.२ सेकंदाची शंका धरायला हवी. अर्धा टक्क्याच्या थोडं वर. आवर्तकाळाचा वर्ग होतो म्हणून ती दुप्पट, साधारण एक टक्का. ९.८ च्या एक टक्का म्हणजे ०.१. त्यांनी माझं पेन घेऊन त्या आकड्यांच्या रांगेत ९.८ नंतर एक उभी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "इथपर्यंत तुझं. पुढचं यंत्राचं."

ती रेघ माझ्या वहीत अजून आहे. ती रेघ कुठे ओढायची हे शिकण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं, आणि ते वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही.

आमच्या लायब्ररीत काचेच्या कपाटात एक जुनी स्लाइड रूल ठेवली आहे. लॉगॅरिदमच्या पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार करायचा. नेपिअरने लॉगॅरिदम १६१४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यानंतर काही वर्षांतच या पट्ट्या आल्या आणि साडेतीनशे वर्षं इंजिनिअरांनी त्यांवर कामं केली. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर निघाला आणि थोड्याच वर्षांत त्या कपाटात गेल्या. लायब्ररीच्या सरांनी मला ती एकदा हाताळू दिली. तिच्यावर फार तर तीन आकडे वाचता येतात, आणि दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते ती सांगत नाही. २.५, २५ की २५०, ते वापरणाऱ्याने मनात ठरवायचं. म्हणजे त्या काळच्या विद्यार्थ्याला अंदाज केल्याशिवाय उत्तर लिहिताच येत नव्हतं. ताईचं वाक्य मला तिथे, त्या कपाटापाशी उभी असताना नीट कळलं.

म्हणून एक सवय लावून घेतली. वहीच्या डाव्या समासात पेन्सिलने आधी अंदाज लिहायचा. "पन्नासच्या आसपास." "एकपेक्षा कमी." "उणे असायला नको." मग बटणं. पहिल्या महिन्यात माझे अंदाज दहापटीने चुकायचे. दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी बहुतेक दुपटीच्या आत यायला लागले. वर्गात माझ्यापेक्षा वेगाने गणितं सोडवणारी पुष्कळ मुलं आहेत. पण प्रॅक्टिकलच्या गटात रिडिंग घेऊन झालं की आता ती मला विचारतात, हे एवढं येईल का गं?

विकत घेण्याबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षासाठी घ्या, निःशंक घ्या. पण घेण्याआधी आपल्या परीक्षेत कुठली मॉडेलं चालतात ती यादी बघा. नियम सगळीकडे एकसारखे नसतात आणि ग्राफ काढणारे, प्रोग्रॅम करता येणारे बऱ्याच परीक्षांना चालत नाहीत. कुणाचा वापरलेला मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त सगळी बटणं दाबून बघा आणि सौरपट्टीवर बोट ठेवून पडदा फिका होतो का तेही बघा. होत असेल तर सेल बदलायला आलाय. परीक्षेच्या आठवड्यात नवा मुळीच घेऊ नका. बोटांना बटणांच्या जागा कळायला दीड-दोन महिने लागतात. आणि मॅन्युअल वाचा, सगळं नाही, निदान क्रियांच्या क्रमाचं पान. आम्हा दोघींची ती रात्र वाचली असती.

दुसऱ्या वर्षालाही मी हाच वापरणार आहे. सेल नवा घातला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलंय: साइन ३०, मग पेपर कसला आहे ते बघ.